लस टोचणाऱ्यांचा विश्वास

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



१६ जानेवारी २०२१ रोजी देशभरातील तीन हजारांवर केंद्रांत कोरोना प्रतिबंधक लसीकरणास प्रारंभ झाला. पहिला मान आरोग्यसेवकांचा होता. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पहिली सुई टोचण्यात आली ती एका सफाई कामगाराच्या दंडात. केंद्रीय आरोग्यमंत्री जातीने हजर होते आणि छायाचित्रकारांची दाटी झाली होती. त्याच दिवशी, त्याच शहरात, राममनोहर लोहिया रुग्णालयातील निवासी डॉक्टरांच्या संघटनेने आपल्या वैद्यकीय अधीक्षकांना एक पत्र धाडले. (रुग्णालयाचे नाव ऐकून येथील ज्येष्ठांच्या मनात वेगळ्याच आठवणी जाग्या होतील, ते असो.) पत्राचा आशय असा, की कोव्हॅक्सिन या लसीच्या चाचण्या अद्याप पूर्ण झालेल्या नाहीत, त्यामुळे निवासी डॉक्टर साशंक आहेत आणि ते मोठ्या संख्येने पुढे येण्याचा संभव नाही, तरी त्यांना कोव्हिशील्ड देण्यात यावी.

या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. लसीविषयी संशय म्हटला की अडाणी खेडूत, अंधश्रद्धा, कानगोष्टी अशी चित्रे सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. येथे मात्र संशय व्यक्त करणारे पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर होते आणि दंड पुढे करणारा हाती झाडू घेऊन राबणारा कामगार होता. मग यातला शहाणा कोण आणि अडाणी कोण? प्रश्न असा मांडला की उत्तर चुकलेच. त्या कामगाराने स्वखुशीने लस घेतली असे त्या वेळी प्रसिद्ध झाले आणि ते खरे न मानण्याचे कारण नाही. पण त्याच्यासारख्या एखाद्याच्या मनात शंका आली असती तर ती त्याने कोणाकडे नेली असती? डॉक्टरांची संघटना होती, त्यांना नियमांची भाषा येत होती, त्यांचे पत्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत येत होते. कंत्राटी कामगाराची शंका मुकादमाच्या पलीकडे जात नाही. लस घेण्या-न घेण्याचा निर्णय जितका ज्ञानाचा, तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, माणसाच्या आरोग्ययंत्रणेतील स्थानाचा असतो. आजचा विषय हा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगाच्या आरोग्यापुढील दहा धोके जाहीर केले, त्यांत लसीबाबतच्या चालढकलीचा समावेश होता. इंग्रजीत तिला भारदस्त नाव आहे. मराठीत ‘का-कू करणे’ एवढे पुरे. संघटनेच्या तज्ज्ञांनी या का-कूची तीन कारणे दिली आहेत : लसीवर व ती देणाऱ्या यंत्रणेवर विश्वास नसणे, रोगाचे भय न वाटणे, आणि लस सहजी हाती न येणे. वर्गीकरण उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु ते मुख्यतः सर्वसामान्य नागरिकाला समोर ठेवून केलेले आहे. आरोग्यसेवक लस घेणारा असतो आणि लस देणाराही असतो. त्याचा विश्वास डळमळला की त्याच्या मागे उभी असलेली सारी रांग डळमळते. शिवाय ‘आरोग्यसेवक’ हा एकच शब्द किती माणसांना लावायचा? शल्यविशारद, परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, कक्षसेवक, वॉर्डातील मावशी, रुग्णवाहिकेचा चालक, आणि गावात दारोदार फिरणारी आशा. एका छपराखाली यांच्या पगारात, रजेत आणि प्रतिष्ठेत जमीन-अस्मानाचे अंतर असते. मग त्यांच्या शंका एकसारख्या कशा असतील?

प्रथम विश्वासाचे पाहू, कारण त्या महिन्यात तो ज्या रीतीने खर्ची पडला ती रीत समजून घेण्याजोगी आहे. ३ जानेवारी २०२१ रोजी औषध महानियंत्रकांनी दोन लसींना आपत्कालीन परवानगी दिली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड ही एक; ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या या लसीचे परदेशी चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झालेले होते. दुसरी हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन. तिच्या घडणीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा वाटा होता, ही अभिमानाचीच गोष्ट. पण तिची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुमारे २५,८०० स्वयंसेवकांवर चालू होती आणि लस रोग कितपत टाळते याचा आकडा अद्याप हाती यायचा होता. म्हणून परवानगीत एक विलक्षण शब्दप्रयोग आला : ‘चिकित्सालयीन चाचणीच्या रीतीने’. म्हणजे लस द्यायची, पण चाचणी चालू असल्याप्रमाणे द्यायची. घेणाऱ्याने संमतिपत्रावर सही करायची. त्या संमतिपत्रातच लसीची परिणामकारकता अद्याप सिद्ध व्हायची असल्याचे लिहिलेले. आणि दोहोंपैकी कोणती लस हवी हे निवडण्याची मुभा मात्र नाही, असे सरकारने आधीच सांगून टाकले होते.

निवड नाही आणि सही मात्र हवी, या दोन गोष्टी एकत्र आल्या की संमतीचे काय उरते? ज्याची नोकरी कायम आहे तो निदान वाट पाहू शकतो. ज्याचे कंत्राट दर वर्षी नव्याने व्हायचे असते तो सही करतो. त्या सहीला विश्वास मानून तिची आकडेवारी करणे ही स्वतःचीच फसवणूक होय.

संशय मिटवण्याचे काम ज्यांचे होते त्यांनी काय केले? महानियंत्रकांनी लसी ‘११० टक्के सुरक्षित’ असल्याचे सांगितले. औषधशास्त्रात शंभर टक्के सुरक्षित असे काही नसते, हे परिचारिकेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. तिला एकशे दहाचा आकडा ऐकवला तर ती निश्चिंत होईल की सावध होईल? त्याच दिवसांत दोन्ही कंपन्यांच्या प्रमुखांनी एकमेकांच्या मालावर जाहीर शेरे मारले आणि ५ जानेवारीला संयुक्त पत्रक काढून सारे आलबेल असल्याचे सांगितले. ज्यांच्या दंडात सुई जायची ते हे सर्व वाचत होते. पुढे मार्चच्या प्रारंभी कोव्हॅक्सिनचा अंतरिम निष्कर्ष आला, तो चांगला होता. ‘चाचणीच्या रीतीने’ ही अट त्याच महिन्यात गळाली. अंतिम विश्लेषणात परिणामकारकता ७७.८ टक्के भरली. म्हणजे लस खोटी नव्हती. निवासी डॉक्टरांनी मागितलेला आकडा दोन महिन्यांत आला, आणि तो आल्यावर वाद मावळत गेला. विरोध लसीला नव्हता, आकडा झाकण्याला होता, हे यावरून दिसते.

पुढाऱ्यांनी आधी लस का घेतली नाही, असा प्रश्न त्या वेळी बराच गाजला. इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी १३ जानेवारीस दूरचित्रवाणीसमोर पहिली लस स्वतः टोचून घेतली होती; भारताचे पंतप्रधान १ मार्चला, साठ वर्षांवरील नागरिकांची पाळी आल्यावर, घेते झाले. पुढाऱ्यांनी रांग मोडू नये हे म्हणणे तत्त्वतः योग्यच आहे, विशेषतः आपल्या देशात, जेथे रांग मोडणे हीच पुढारीपणाची खूण झाली आहे. परंतु जी लस चाचणीच्या रीतीने दिली जात आहे तिची रांग ही सवलतीची रांग राहात नाही, जोखमीचीही होते. जोखमीत पुढे असणे याला रांग मोडणे म्हणत नाहीत.

मुंबईला या बाबतीत एक जुना दाखला आहे. १८९६ साली प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञास येथे पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना देण्यात आली. कैद्यांनी ती स्वेच्छेने घेतल्याची नोंद आहे. तुरुंगातील माणसाची स्वेच्छा किती मोकळी असते, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. पण बनवणाऱ्याचा दंड सर्वांआधी पुढे आला होता, हे विसरता येत नाही. याच्या उलट बाजूही लक्षात घ्यावी. त्याच वर्षी पुण्यात प्लेगनिवारणाच्या नावाखाली घराघरांत सोजीर घुसले आणि त्या जुलमाने लोकांच्या मनात सरकारी वैद्यकाविषयी जो तिटकारा उत्पन्न केला तो रँडच्या वधाने संपला नाही. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. एकाच बाटलीतील लस या सर्वांना दिलेली होती. दोष प्रयोगशाळेवर लोटण्यात आला, हाफकिनला दूर सारण्यात आले. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही बाब मागाहून ठळक झाली आणि हाफकिन निर्दोष ठरला तो १९०७ साली. पाच वर्षे! तेवढ्या अवधीत खेड्याखेड्यांत लस टोचणाऱ्यांनी लोकांना काय सांगितले असेल? परळच्या ज्या संस्थेला पुढे हाफकिनचे नाव दिले गेले, ती संस्था आपल्या इतिहासात ही दोन्ही पाने बाळगून आहे.

मुलकोवालपासून शिकायचे ते हे, की अपघात घडला तर त्याची चौकशी तत्काळ आणि उघड्यावर व्हावी. २०२१च्या मार्चमध्ये युरोपातील अनेक देशांनी रक्ताच्या गुठळ्यांच्या विरळ घटनांमुळे ऑक्सफर्डची लस काही काळ थांबवली. आपल्याकडे राष्ट्रीय समितीने ४९८ गंभीर घटना तपासल्या आणि कोव्हिशील्डनंतर गुठळ्यांच्या २६ संभाव्य घटना, म्हणजे दर दहा लाख मात्रांमागे ०.६१, असा निष्कर्ष काढला. धोका अत्यल्प होता. पण हा आकडा प्रसिद्ध झाला १७ मे रोजी. तोवर आरोग्यसेवकांच्या लसीकरणास चार महिने झाले होते. दिलासा देणारी माहितीसुद्धा उशिरा दिली तर ती सारवासारव वाटते.

आता स्त्रियांकडे वळू. परिचारिका, मावश्या, अंगणवाडी सेविका आणि आशा, म्हणजे आरोग्ययंत्रणेचा पाया, बहुतांशी स्त्रियांचा आहे, आणि त्यांतील पुष्कळ जणी मूल होण्याच्या वयातील आहेत. लसीकरण सुरू झाले तेव्हा गर्भवती व स्तनदा स्त्रियांना लस देऊ नये असा आदेश होता, कारण चाचण्यांत त्यांचा समावेश केलेला नव्हता. स्तनदा मातांना १९ मे रोजी आणि गर्भवतींना २ जुलै २०२१ रोजी परवानगी मिळाली. तोवर दुसऱ्या लाटेचा कहर होऊन गेला होता. विचार करा : नवविवाहित परिचारिकेला सांगितले जाते की लस घे, आणि शेजारच्या गर्भवती परिचारिकेला सांगितले जाते की तुला ती चालणार नाही, ड्यूटी मात्र चालेल. वांझपणाची अफवा समाजमाध्यमांतून आली हे खरे. पण ती रुजली ती अशा जमिनीत. स्त्रीच्या शरीराचा विचार चाचणीच्या आराखड्यात नंतर करायचा आणि रांगेत मात्र तिला आधी उभे करायचे, याला शास्त्राचा नाइलाज म्हणावे की सवय म्हणावी?

आशांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्या सरकारी नोकर नाहीत, त्यांना वेतन नाही, कामागणिक मोबदला आहे. त्यांचे नावच ‘कार्यकर्ती’. साथीत त्यांनी घरोघर जाऊन ताप मोजला, यादी केली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. केंद्राने त्यासाठी महिना एक हजार रुपये ठरवले. १५ जून २०२१ पासून महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशांनी संप केला तेव्हा कोठे राज्य सरकारने मोबदल्यात वाढ मान्य केली. पुढच्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. गौरव योग्यच होता. वेतनश्रेणी मात्र पुरस्काराबरोबर येत नाही.

लसीच्या संदर्भात आशेची अडचण अशी, की सुई ती टोचत नाही, पण माणसे तीच आणते. एखाद्या वस्तीत चार जणांना लसीनंतर ताप भरला तर वैद्यकीय अधिकारी तालुक्याला परत गेलेला असतो. दारात उभी असते ती आशा. तिने स्वतः लस घेतली असेल, तिला ताप आला असेल आणि दोन दिवसांत उतरला असेल, तर ती आपल्या दंडाकडे बोट दाखवून बोलते, आणि त्या बोटाची बरोबरी कोणत्याही भित्तिपत्रकाने होत नाही. पण तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे तिला कोणी दिलेली नसतील, तर ती गप्प बसते. तिचे गप्प बसणे वस्तीला नकारासारखेच ऐकू येते.

आणि ताप हा केवळ तापही नसतो. लसीनंतर एक-दोन दिवस अंग मोडून येणे, कणकण भरणे हे अपेक्षितच होते. कायम कर्मचारी त्या दिवशी रजा टाकतो. रोजंदारीवरील सफाई कामगाराचा मात्र खाडा पडतो आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल. लस फुकट होती, पण ताप फुकट नव्हता. मुळात रोजगार बुडण्याची भीती असलेल्या माणसाला ‘का-कू करणारा’ ठरवून त्याचे प्रबोधन करणे म्हणजे रोग एकीकडे आणि औषध भलतीकडे.

जून २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य सचिवांनी राज्यांच्या नजरेस एक आकडा आणून दिला : आरोग्यसेवकांपैकी ८२ टक्क्यांनी पहिली मात्रा घेतली होती, दुसरी मात्र ५६ टक्क्यांनीच. या दोन आकड्यांमधील अंतर बोलके आहे. ज्याने पहिली मात्रा घेतली त्याला लसीचे तत्त्वतः वावडे नव्हते हे उघडच आहे. मध्यंतरी दुसरी लाट येऊन गेली; पुष्कळांना स्वतःलाच लागण झाली, ज्यांना झाली नाही ते अहोरात्र वॉर्डात अडकले; दोन मात्रांमधील अंतराचे नियम बदलत राहिले; आणि प्रारंभापासून को-विन या संगणकीय यंत्रणेने यादीत नाव न सापडणे, संदेश न पोचणे असे गोंधळ घातलेच होते. हे सारे मनाचे विकार नव्हेत, व्यवस्थेचे आहेत.

मोजणीचा विषय निघालाच आहे, तर सप्टेंबर २०२० मधील एक प्रसंग सांगणे भाग आहे. कोरोनाने किती आरोग्यसेवक दगावले असे राज्यसभेत विचारले गेले, तेव्हा आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अशी माहिती केंद्र ठेवत नाही, असे उत्तर मिळाले. भारतीय वैद्यकीय संघटनेने आपल्या दगावलेल्या डॉक्टरांची यादी स्वतः केली. दुसऱ्या लाटेत तिने सातशेहून अधिक डॉक्टर मोजले. मावश्यांची यादी कोणी केली? शवागारात प्लास्टिकच्या पिशव्यांना गाठी मारणाऱ्यांची कोणी केली? चार महिन्यांनी याच माणसांना ‘पहिला मान’ देण्यात आला. ज्याचे मरण मोजले गेले नाही त्याला आपले लसीकरण मात्र इतक्या काटेकोरपणे का मोजले जात आहे, असा प्रश्न पडला तर त्याला दोष कसा द्यावा?

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे, कारण अशा टीकेचा आधार घेऊन लसीलाच झोडपणारी मंडळी सर्वत्र आहेत. लसीने प्राण वाचवले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजाने आपल्याच दहा हजारांवर कर्मचाऱ्यांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध केला. दोन मात्रा घेतलेल्यांत लागण ६५ टक्क्यांनी, रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण ७७ टक्क्यांनी, प्राणवायू लागण्याचे ९२ टक्क्यांनी आणि अतिदक्षता विभागात जाण्याचे ९४ टक्क्यांनी कमी आढळले. आणि हे दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात. त्या संस्थेतील जवळजवळ ८५ टक्के कर्मचाऱ्यांनी तोवर किमान एक मात्रा घेतलेली होती. ज्यांनी लसीविरुद्ध बेजबाबदार प्रचार केला त्यांच्या पदरात त्या लाटेतील काही मृत्यू निश्चित आहेत. प्रश्न विचारणे आणि अफवा पसरवणे यांत फरक असा, की प्रश्न विचारणारा उत्तराची वाट पाहतो.

मग सक्ती करावी काय? इंग्लंडमध्ये वृद्धाश्रमांतील सेवकांवर नोव्हेंबर २०२१ पासून लसीची सक्ती झाली. राष्ट्रीय आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२२ ही तारीख ठरली होती. परंतु हजारो अनुभवी माणसे सेवेबाहेर जातील असा इशारा कामगार संघटनांनी दिला आणि ३१ जानेवारीस सरकारने माघार जाहीर केली. कारण मात्र नव्या विषाणूच्या सौम्यपणाचे दिले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियल यांच्या याचिकेवर २ मे २०२२ रोजी निर्णय दिला, की कोणासही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही. सरकारचे लसीकरणाचे धोरण मात्र अवाजवी ठरवले नाही, आणि दुष्परिणामांच्या नोंदी नागरिकांना व खासगी डॉक्टरांनाही करता याव्यात व त्या लोकांना पाहता याव्यात असे सांगितले. निकालाच्या पूर्वार्धाची चर्चा फार झाली. कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग उत्तरार्धात आहे.

कोरोना ओसरला म्हणून विषय संपला असे कोणी समजू नये. याहून जुनी आणि सोपी कसोटी प्रत्येक जिल्ह्यात उपलब्ध आहे. ब प्रकारच्या काविळीवर १९८० च्या दशकापासून लस आहे. सहा महिन्यांत तीन मात्रा पुरतात. तिच्यावर ना वाद आहे, ना अफवा. वापरलेली सुई हातात घुसणे हा रुग्णालयातील नित्याचा अपघात. आणि लस न घेतलेल्यास अशा सुईतून ही कावीळ लागण्याचा धोका एड्सच्या विषाणूपेक्षा कितीतरी पट अधिक असतो. मूल जन्मताच ही लस देण्याचा कार्यक्रम देशभर पोचला तो २०११ च्या सुमारास, तेव्हा आज कामावर असलेल्या बहुतेकांना बालपणी ती मिळालेली नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी तो हाताळणाऱ्या सर्वांना ही लस आणि धनुर्वाताची लस देण्याचे बंधन रुग्णालयांवर घातले आहे. नियमात ‘कायम कर्मचारी’ असा शब्द नाही; कंत्राटीही त्यात येतात.

हे कागदावर आहे. कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या रुग्णालयात जावे आणि कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्या ओढणाऱ्या माणसाला विचारावे : तुमच्या तीन मात्रा झाल्या काय, कार्ड आहे काय, गेल्या खेपेस सुई लागली तेव्हा नोंद कोणी केली? रुग्णालय म्हणेल, तो ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार म्हणेल, लस देणे रुग्णालयाचे काम. मागणी लेखी करावी, नियमाचा हवाला देऊन करावी, आणि तीन गोष्टी मागाव्यात : प्रत्येक कंत्राटी कामगाराची लसीची नोंदवही, मात्रेनंतर ताप आल्यास त्या दिवसाचा रोज, आणि सुई लागलेल्याची त्याच पाळीत तपासणी. कामगाराला वाचता येत नसेल तर त्याच्या भाषेत, त्याच्या वेळेला, रात्रपाळी सुटताना, कोणीतरी बसून त्याच्या शंका ऐकाव्यात. डॉक्टरांच्या संघटनेने पत्र लिहिले तसे पत्र त्यालाही लिहिता आले पाहिजे; आणि त्या पत्राला उत्तर आले नाही, तर दुसरे पत्र घेऊन कार्यकर्त्याने त्याच्यासोबत अधीक्षकांच्या दारात उभे राहावे.